चूल नसलेलं हॉटेल

माझ्या लहानपणी आमच्या घरात ‘हॉटेल’ हा शब्द जरा आवाज खाली करूनच बोलला जायचा. हॉटेल म्हणजे मेनरोडवरची चहा-भज्यांची जागा. चांगल्या घरचे पुरुष तिथे मागच्या दाराने जात आणि पुढच्या दाराने जाणाऱ्यांना नावं ठेवत. अशा आमच्या घरावर एकदा परमुलखातल्या दोन उंची हॉटेलांतून एक निवडायची पाळी आली. ती निवड आमच्या माणसांनी कशी केली हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसता हसता थोडा संतापही येतो.

आमचं घर पंचवटीतलं, क्षेत्रोपाध्यांचं. गंगेवर स्नानाला, श्राद्धाला, अस्थी घेऊन जी माणसं गावोगावाहून येत, त्यांची धर्मकृत्यं करायची, त्यांना उतरायला जागा द्यायची आणि जेवू घालायचं, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, अजूनही.) कुठे उतरायचं याची निवड आमच्या यजमानांना कधी करावीच लागत नसे. कोणत्या गावचं कोणतं घराणं कोणत्या उपाध्यायाचं, हे आजे-पणज्यांच्या काळापासून ठरलेलं. नामावळीच्या लांबलचक वह्या आमच्या माजघरात लाल फडक्यांत बांधून ठेवलेल्या असत. यजमान आला की वडील त्याच्या गावची वही काढत, त्याच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव दाखवत, आणि धट्टाकट्टा माणूसही डोळे पुसू लागे. मग तो त्याखाली आपलं नाव लिही, हातपाय धुई आणि पानावर येऊन बसे. वही दाखवायचं काम वडिलांचं. पान वाढायचं काम आईचं. वही दाखवून होत असे घटकाभरात.

सिंहस्थाचं वर्ष आलं आणि गेलं. त्या वर्षात आमची चूल कधी पूर्ण थंड झालेली मला आठवत नाही. आईच्या हाताखाली आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि सोवळ्याची इतकी कडक की स्वयंपाकाच्या वेळी मी तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. पण आत्याचे गुडघे गेलेले. ती बसून निवडून, चिरून द्यायची. उकळती पातेली उतरवणं, पीठ मळणं, ओणव्याने पंगती वाढणं हे सगळं आईच्या अंगावर. सिंहस्थ संपला आणि आईने अंथरूण धरलं. विषमज्वर.

एकविसाव्या दिवशी ताप उतरला आणि त्यानंतर पाचव्याच दिवशी ती पोळ्या लाटायला बसली. ताप उलटला. दुसऱ्या खेपेला ती वाचली ती कशी, हे डॉक्टरांनाच ठाऊक. तिचे केस गळले, पाटल्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वडिलांनी डॉक्टरांना विचारलं, हवापालटासाठी कुठे न्यावं? आमचे डॉक्टर तोंडाने फटकळ होते. मी दाराआड उभी होते, आणि त्यांचं बोलणं मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं.

“नाशिकची हवा काय वाईट आहे? मुंबईची माणसं देवळालीला हवा खायला येतात. हवा राहू द्या, त्यांची चूल सोडवा. महिनाभर पळीला हात लागता कामा नये. तिसऱ्यांदा ताप आला, तर माझं काम संपेल आणि तुमचं सुरू होईल.”

वडिलांचं काम काय होतं, हे मला अकराव्या वर्षी चांगलं ठाऊक होतं. घाटावर दहाव्याचे पिंड पाडताना मी त्यांना किती वेळा पाहिलं होतं. त्या दिवसापासून मी आईला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाहिलं की धावत जाऊन तिचा पदर धरत असे. ती म्हणायची, अगं, पाणी प्यायला आलेय. पण पाणी प्यायला आलेली बाई आमटी ढवळून जायची.

घरी राहून तिला विश्रांती मिळणार नाही, हे तर उघडच होतं. माहेरी पाठवावी, तर आजी केव्हाच गेलेली आणि मामी बाळंतपणाला टेकलेली. घरोघरी मातीच्या चुली. मग वडिलांनी मुंबईच्या एका यजमानांना पत्र लिहिलं. ते मोठे व्यापारी. राजपुतान्यातल्या एका संस्थानी शहरात, मोठ्या तलावाच्या काठी, त्यांची पेढी होती. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: पौषात यात्रेकरू कमी असतात, तेव्हा महिनाभर तिकडे जा. तिथे दोन हॉटेलं आहेत, दोन्ही पहिल्या प्रतीची, राजेरजवाडे उतरतात अशी. कोणतं हवं ते कळवा, पुढचं सगळं माझ्याकडे. दान घ्यायचा वडिलांना कधी संकोच वाटला नाही. तो आमचा धंदाच होता.

यजमानांनी दोन्ही हॉटेलांची माहिती नीट लिहिली होती, आणि सोबत दोन छापील चित्रंही धाडली होती. पहिलं शहरात, तलावाच्या वेशीशी. तीन मजली दगडी इमारत, कोरीव सज्जे, विजेचे दिवे. मुख्य म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र स्वयंपाकघर, पितळी भांडी आणि पाणी भरायला ब्राह्मण. दुसरं शहराबाहेर, अगदी पाण्याला लागून. पांढरंशुभ्र, लांब ओसरीचं, जेवायला टेबलं-खुर्च्या. हिंदू पाहुण्यांसाठी शाकाहारी मुदपाकखाना वेगळा होता, पण सक्त नियम असा की पाहुण्यांनी मुदपाकखान्यात पाऊल टाकायचं नाही आणि खोलीत शेगडी पेटवायची नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, यात निवडायचं काय? डॉक्टरांनी सांगितलं होतं चूल सोडवा, आणि एका हॉटेलात चुलीला बंदीच होती. पण आमच्या घरात हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आत्याने दुसरं चित्र हातातही घेतलं नाही. कुणी रांधलं, कुठल्या पाण्यात रांधलं, याचा पत्ता नाही अशा ठिकाणी उपाध्यायाने जेवायचं? उद्या पंचवटीत कळलं तर यजमान दारात उभे राहतील का? आणि वडिलांनी काय करावं? त्यांनी वही काढली.

खरंच सांगते. पहिल्या हॉटेलाच्या मालकाचं आडनाव पत्रात होतं. वडिलांनी त्या मुलखाची वही माजघरातून आणली, फडकं सोडलं आणि सकाळभर पानं उलटली. शेवटी त्यांच्या तोंडून समाधानाचा हुंकार निघाला. त्या मालकाचे आजोबा आमच्या पणजोबांकडे उतरले होते. पाच ओळींचा लेख होता, खाली सही होती. म्हणजे हॉटेलवाला आमचा यजमान निघाला. आता निवडायचं काही उरलंच नाही. यजमान आपल्या उपाध्यायाकडेच उतरतो, तेव्हा उपाध्याय यजमानाकडेच उतरणार. कोणतं हॉटेल चांगलं हा प्रश्न बाजूला पडला आणि कोणतं हॉटेल आपलं ते वहीने सांगितलं.

स्वयंपाकाचं काय, असं मी विचारलं. वडील म्हणाले, तीन माणसांचं पिठलं-भात, तो का स्वयंपाक? आणि मी आहेच की मदतीला. वडिलांनी आयुष्यात संध्येच्या पळीखेरीज दुसरी पळी हातात धरलेली नव्हती. आई भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मला मात्र रडू आलं, तेव्हा आत्याने मला तुळशीला पाणी घालायला पिटाळलं.

वडिलांनी हॉटेलमालकाला पत्र घातलं. आम्ही तुमचे नाशिकचे क्षेत्रोपाध्ये, वायुपालटार्थ सहकुटुंब येत आहोत, एवढंच. आजाराचा उल्लेख नाही, कारण अशा शुभ पत्रात दुखण्याचं नाव कशाला काढा. हा त्यांचा दुसरा शहाणपणा.

आत्या घर सांभाळायला मागे राहिली, आणि नाशिकरोडहून निघून, दोन गाड्या बदलून आम्ही तिघं पोचलो. टांगा वळला आणि तलाव दिसला. आम्ही नदीकाठची माणसं, इतकं पाणी एका जागी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वडील बराच वेळ पाहत होते. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. पाणी वाहत नाही, मग निर्माल्य जातं कुठे? आई हसली. किती महिन्यांनी हसली असेल. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसले! हॉटेलच्या दारात मालक, त्यांचे भाऊ, बायका, मुलं, सगळं घर उभं होतं. नाशिकचे गुरुजी आपल्या पायाने दारी आले, ही त्यांच्या कुळात कधी न घडलेली गोष्ट. वडिलांना चौरंगावर उभं करून त्यांचे पाय धुतले, हार घातले. बिऱ्हाड पाहावं तर डोळे दिपतील असं. संगमरवरी फरशी, आरसे, गाद्यागिरद्या. आणि मागे स्वयंपाकघर. ते तर त्यांनी आमच्यासाठी नव्यानेच सजवलं होतं. सारवलेल्या दोन मोठ्या चुली, फोडलेली लाकडं, घासून लखलखीत केलेली पातेली. त्यांतल्या एकेका पातेल्यात मी अख्खी बसले असते.

मालकांनी हात जोडून सांगितलं की त्यांची म्हातारी आई नवी सून असताना सासऱ्यांबरोबर नाशकात आमच्या घरी जेवली होती, आणि त्या पुरणाच्या चवीची आठवण ती अजून काढते. उद्या द्वादशी आहे. गुरुपत्नींच्या हातचा प्रसाद तिला मिळाला तर तिच्या जन्माचं सार्थक होईल. घरची माणसं आहेत, आणि चार आप्त. फार नाहीत, तीसेक पानं होतील.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. वडील मात्र हाराने फुलून बसले होते. उपाध्याय यजमानाला जेवू घालतो, यात त्यांना काही वावगं दिसलंच नाही. गाव बदलला होता, पण पानं तीच होती आणि वाढणारीही तीच.

माणसं खाली गेली. आईने सवयीने पदर खोचला, स्वयंपाकघरात गेली, डाळ किती भिजवावी लागेल त्याचा अंदाज घ्यायला एक पातेलं उचललं. मी तिच्यामागेच होते. तिने ते पातेलं खाली ठेवलं, अगदी सावकाश, आवाज न करता. मग खोचलेला पदर सोडला आणि बाहेर येऊन वडिलांसमोर उभी राहिली.

“अहो, मला चूल नको,” ती म्हणाली.

वडिलांना वाटलं, चूल सोयीची नाही. ते म्हणाले, दुसरी मांडून देतील, सांगतो मी.

“दुसरी नको. कुठलीच नको. मला जगायचंय.”

वडील तिच्याकडे पाहतच राहिले. वीस वर्षांत तिने त्यांच्याजवळ काही मागितलं असेल तर ती संपलेली मीठ-मिरची. ते हळूच म्हणाले, “आणि सोवळं?”

“सोवळं मी वीस वर्षं सांभाळलं,” आई म्हणाली. “आता महिनाभर तुम्ही सांभाळा.”

मला भीती वाटली होती की वडील रागावतील. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि जिना उतरून निघून गेले. आई गादीवर आडवी झाली आणि डोळे मिटून पडून राहिली. मी तिचे पाय चेपत बसले. खिडकीतून तलाव दिसत होता. त्याच्याकडे मात्र आम्हा दोघींचं लक्ष नव्हतं.

दोन-अडीच तासांनी वडील आले ते घामाघूम होऊन. ते तलावाच्या कडेकडेने चालत दुसऱ्या हॉटेलात गेले होते. तिथल्या व्यवस्थापकाला त्यांनी सांगितलं, तुमच्या आचाऱ्याला बाहेर बोलवा. आचारी हात पुसत आला. वडिलांनी त्याचं गोत्र विचारलं, शाखा विचारली, सूत्र विचारलं. एवढ्याने भागेना, तेव्हा त्याला तिथेच ओसरीवर संध्या म्हणायला लावली. गोरेसाहेब चहा पीत बसलेले, आणि समोर हा प्रकार. आचाऱ्याने संध्या न अडखळता म्हटली. वडील आम्हाला सांगताना म्हणाले, आपल्या घाटावरच्या निम्म्या लोकांपेक्षा त्याचे उच्चार स्वच्छ आहेत. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की त्या आचाऱ्याने संध्येऐवजी पाढे म्हटले असते तरी वडील पास करूनच आले असते. त्यांनी ठरवलं होतं. फक्त ठरवल्यासारखं त्यांना दिसायचं नव्हतं.

आता राहिला यजमान. पाय धुतलेल्या घरातून दुसऱ्या दिवशी उठून दुसऱ्या हॉटेलात जायचं, म्हणजे त्यांच्या तोंडावर मारल्यासारखंच. वडील खाली गेले आणि मला बरोबर घेऊन गेले, बहुधा धीराला. मालकांच्या म्हाताऱ्या आईपुढे त्यांनी हात जोडले. उपाध्यायाने यजमानापुढे हात जोडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. त्यांनी सगळं सांगितलं: दोनदा आलेला ताप, डॉक्टरांचं बोलणं, सगळं. म्हातारी ऐकत होती. तिची बोली मला अर्धीच कळली, पण कळली तेवढी पुरे होती. ती रागावली होती, खरोखरच रागावली होती, पण आम्ही जातो म्हणून नव्हे. बाई आजारी आहे हे पत्रात का लिहिलं नाही? आधी कळलं असतं तर मी तिला चुलीपाशी जाऊ दिलं असतं का? मग तिने मुलाला फैलावर घेतलं, तीस पानं कुणाच्या जिवावर मांडत होतास म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मेण्यातून आईला त्या पांढऱ्या हॉटेलात पोचवलं.

तिथे आम्ही महिनाभर राहिलो. वडिलांनी सोवळं सांभाळलं ते असं: पहिले तीन दिवस दूध, केळी आणि घरून आणलेले दाण्याचे लाडू. खोलीत शेगडीला बंदी, तेव्हा फराळच. चौथ्या दिवशी ओसरीवर बसून जप करताना आमटीच्या फोडणीचा वास आला. वडिलांची माळ थांबली. त्या दिवशी ते सोवळं नेसून जेवणघरात आले, खुर्ची नको म्हणाले, भिंतीकडेला पाट मांडून घेतला आणि चार वाट्या आमटी प्यायले. त्यानंतर केळ्यांचं नाव काढलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. घरी परतताना वडिलांना धास्ती होती ती आत्याची. काय सांगायचं, किती सांगायचं, हे ते गाडीत माझ्याकडून घोकून घेत होते. आत्याने दारातच आईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, पाटल्या जागेवर आल्या हो. कुठे जेवलात, हे तिने त्या दिवशी विचारलं नाही, आणि मरेपर्यंत कधीच विचारलं नाही. तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्याच महिन्यात घाटावरच्या एका गरजू बाईला स्वयंपाकाला ठेवायचं ठरलं, तेही आत्यानेच ठरवलं.

पण त्या महिन्यातला मला सगळ्यांत लख्ख आठवतो तो तिथला पहिला दिवस. जेवणघराच्या खिडक्या थेट पाण्यावर उघडत. आईला खुर्चीवर बसायची सवय नव्हती, म्हणून ती कडेला, अर्धीच टेकून बसली होती. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. ते मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर. वडील त्या दिवशी केळं सोलत पलीकडे बसले होते. आचारी पाण्याचं भांडं घेऊन आला. आईने त्याच्याकडे पाहिलं, जरा लाजली, आणि विचारलं:

“आज भाजी कसली आहे?”

वडिलांचा केळ्याचा हात तसाच राहिला. हा प्रश्न आमच्या घरात रोज विचारला जायचा. यजमान विचारत, वडील विचारत, शाळेतून आल्यावर मीही विचारत असे. उत्तर द्यायची ती नेहमी आई. घरात काय शिजतंय हे तिला ठाऊक नाही, असा एकही दिवस लग्न झाल्यापासून तिच्या वाट्याला आला नव्हता.

“ओल्या वाटाण्याची,” आचारी म्हणाला. “थोडा वेळ लागेल, बाई.”

“लागू दे,” आई म्हणाली, आणि खुर्चीला पाठ टेकून बसली.